चपलांच्या दुकानाचा पहिला ईमेल कसा लिहावा?

प्रश्न: कोल्हापुरी चपलांच्या आमच्या वेबसाइटवर नाव नोंदवणाऱ्यांना स्वागताचा ईमेल जातो. बरेच स्पॅममध्ये पडतात, आणि उघडणारे पुढं काहीच करत नाहीत. आत पाच फोटो, सगळ्या चपलांची यादी, दुकानाचा इतिहास. काय बदलू?

उत्तर १: आधी पाठवणारा पत्ता बघा. साधा जीमेलचा पत्ता टाकून मेलिंग सेवेतून पाठवलं, तर डीमार्क तपासणीत, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत, तो नापास होतो. स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा पत्ता घ्या आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ईमेल तुमचाच आहे हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी घाला. शिवाय ईमेल नोंदणी झाल्या झाल्या गेला पाहिजे. चार दिवसांनी गेला तर माणूस विसरलेला असतो, आणि सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

उत्तर २: वरचं बरोबरच आहे. मजकुरात मात्र एकच काम सांगा. ऑनलाइन चपलेत खरी अडचण मापाची, म्हणून विषयातच लिहा: 'पायाचं माप घरी कसं घ्याल?' आत एवढंच:

'नमस्कार. संध्याकाळी कागदावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून याच ईमेलला उत्तर द्या.'

म्हणजे उत्तर स्वीकारणारा पत्ता हवा, 'नो-रिप्लाय' अजिबात नको. इतिहास दुसऱ्या ईमेलला ठेवा. इथं कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या २०१९ च्या जीआय (भौगोलिक ओळख) मानांकनाची एक ओळ पुरे.

उत्तर ३: फोटो एकच ठेवा, आणि मजकूर फोटोत कोंबू नका. फोटो बंद असले की ईमेल कोरा दिसतो. खाली नाव काढण्याची लिंक स्पष्ट द्या.