लॅपविंग : या शब्दात पंख आहेत तरी का?

पानपलटी विचारते :

नमस्कार मंडळी. 'हॅम्लेट'चं मराठी करतेय आणि शेवटच्या अंकात अडकलेय. ऑस्रिक नावाचा तो गुळगुळीत बोलणारा दरबारी निघून जातो, तेव्हा हॅम्लेटचा मित्र होरेशिओ म्हणतो की हा लॅपविंग डोक्यावर टरफल घेऊन पळाला. कोशात लॅपविंगसमोर सरळ 'टिटवी' आहे, पण तेवढ्यावर समाधान होत नाही. 'लॅप' म्हणजे मांडी किंवा घडी, 'विंग' म्हणजे पंख, अशी फोड केली तर हाती काहीच लागत नाही. बरं, चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याच पक्ष्याला कपटी म्हणतो. इथे तो उतावळा पोरगा आहे. आणि १६११च्या इंग्रजी बायबलात तो वटवाघळाच्या शेजारी, खाऊ नये अशा पक्ष्यांच्या यादीत बसलाय! एका पक्ष्याच्या वाट्याला एवढी रूपं कशी आली? शब्दाचं मूळ कळलं तर ओळ सुटेल असं वाटतंय.

जुनी_अक्षरं :

पानपलटीताई, हा शब्द माझ्या फार जवळचा आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

आधी फोड बाजूला ठेवा, कारण ती फोड मागाहून आलेली आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे १०६६च्या नॉर्मन स्वारीआधीच्या इंग्रजीत, हा शब्द साधारण 'ह्लेआपेविन्चे' असा होता. सुरुवातीचा तो 'ह्ल' नीट बघा. त्या काळी कितीतरी शब्द असे सुरू व्हायचे. 'ह्लाफ'चा पुढे 'लोफ' झाला, 'ह्लूद'चा 'लाउड', 'ह्लॅफदिगे'ची चक्क 'लेडी'. ह गळत गेला आणि नुसता ल उरला. तसाच आपल्या शब्दातला पहिला भाग म्हणजे 'ह्लेआपान', उडी मारणे, आजचं 'लीप'. मांडीचा काही संबंध नाही.

दुसरा भाग 'विन्चे'. याचा अर्थ डगमगणे, हेलकावणे, झटकन एका बाजूला कलणे. डोळा मिचकावण्याचं 'विंक' याच घराण्यातलं. म्हणजे अख्ख्या शब्दाचा अर्थ झाला 'उडी मारून हेलकावणारा'. पंखाचा उल्लेखच नाही!

पुढे मधल्या काळात 'ह्लेआपान'चा उच्चार बदलला, 'विन्चे' हा शब्द सुटा म्हणून कोणी वापरेना, आणि बोलणाऱ्यांना नावाचे दोन्ही तुकडे परके झाले. परका तुकडा माणसाच्या जिभेला टोचतो. मग ती जवळचा, ओळखीचा शब्द तिथे बसवते. पक्षी आहे म्हटल्यावर 'विंग' ऐकू येणं किती स्वाभाविक. इंग्रजी पक्षिनावांत हे वारंवार झालंय. 'टिटमाउस'मध्ये उंदीर नाही, 'मासे' हे एका लहान पक्ष्याचं जुनं नाव आहे. पण उंदीर ऐकू आला आणि अनेकवचन 'टिटमाइस' होऊन बसलं. 'व्हीटइअर'मध्ये गहूही नाही आणि कानही नाही, त्याचा अर्थ होता पांढऱ्या बुडाचा. उडताना ते बूड खरंच लख्ख दिसतं.

मला 'विंग' होण्याची हळहळ वाटते. पंख तर प्रत्येक पक्ष्याला असतात. ज्याने पहिल्यांदा 'उडी मारून हेलकावणारा' म्हटलं, त्याने या पक्ष्याकडे तासन्‌तास बघितलेलं असणार.

काठावरून :

बघणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. युरोपातला हा लॅपविंग म्हणजे टिटवीच्याच कुळातला, पण डोळ्यांपुढे लाल मांसल पट्टी असलेली आपली टिटवी नव्हे. याच्या डोक्यावर मागे वळलेला लांब काळा तुरा असतो, पाठ हिरवट चमकते आणि पंख टोकाला गोल, रुंद असतात.

वसंतात नर मादीला खुणावण्यासाठी उडतो ते दृश्य बघण्यासारखं. आधी संथ, जड पंखांनी जमिनीलगत जातो, मग एकदम सरळ वर चढतो, आणि वर गेला की अंगातला जोर कुणी काढून घेतल्यासारखा कोलमडतो. गिरक्या घेत, या अंगावरून त्या अंगावर पडत खाली येतो, आणि जमिनीच्या अगदी वर सावरतो. पंखांचा घुमणारा आवाज आणि त्यात 'पी-विट' ओरडणं. त्या ओरडण्यावरूनच याला 'पीविट' म्हणतात. डच 'कीविट' आणि जर्मन 'कीबित्स' ही नावंही आवाजावरूनच आलीत.

एक शंका. घरटं राखताना काही पक्षी पंख मोडल्याचं सोंग करतात. 'हेलकावणारा' त्यावरून नसेल?

जुनी_अक्षरं :

काठावरून, तुम्ही वर्णन केलेली ती कोलमड म्हणजेच 'विन्चे'! शंकाही रास्त आहे. बरेच कोशकार उडण्याच्या तऱ्हेकडे बोट दाखवतात, तर काहींना सोंगाचं स्पष्टीकरण जास्त पटतं. मी उडण्याच्या बाजूचा आहे, कारण उडीही त्यातच आहे.

सोंगाचा मुद्दा मात्र ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला भिडतो. या पक्ष्याचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा एक खळगा, त्यात बहुतेक वेळा चार अंडी. लपायला झाड नाही, झुडूप नाही. मग तो काय करतो? माणूस दिसला की आधी गुपचूप धावत घरट्यापासून दूर जातो आणि तिथून आरडाओरडा सुरू करतो. शोधणारा नेमका चुकीच्या जागी जातो. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये एड्रिआना हेच सांगते, की लॅपविंग घरट्यापासून लांब जाऊन ओरडते. तोंडाने एड्रिआना नवऱ्याला शिव्या देत असते आणि मनात त्याच्यासाठी प्रार्थना. कपटी हे विशेषण पक्ष्याच्या या वागण्यावरून आलं. पोरांसाठी जीव टांगणीला लावणाऱ्या पक्ष्याला कपटी म्हणावं हे मला कधीच पटलं नाही. कपट कुणाच्या लेखी? अंडी चोरायला आलेल्याच्या! आणि चोरायला खूप जण यायचे. लंडनच्या श्रीमंत पंगतीत ही अंडी मिरवायची, इतकी की १९२८ साली ब्रिटनला या एका पक्ष्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

पानपलटी :

उडी आणि हेलकावा, दोन्ही डोळ्यांपुढे आलं. बायबलचं काय पण?

जुनी_अक्षरं :

तिथे अदलाबदल झालीय. हिब्रू मुळातला तो पक्षी म्हणजे हुदहुद, हाही तुरेवालाच, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. १८८५च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत 'लॅपविंग' काढून हुदहुदचंच नाव घातलं. इंग्लंडात हुदहुद क्वचितच दिसतो, तुरेवाला ओळखीचा पक्षी म्हणजे लॅपविंग, म्हणून तुऱ्यावर तुरा खपून गेला असावा. हीच गोष्ट साधारण १३९०च्या सुमारास चॉसरच्याच काळातल्या गॉवर या इंग्रजी कवीने केली. ओव्हिडच्या लॅटिन काव्यात मेव्हणीवर अत्याचार करणारा राजा तेरेउस शेवटी हुदहुद होतो. गॉवरच्या इंग्रजीत तोच राजा 'लॅपविंके' होतो, डोक्यावरचा तुरा तो सरदार असल्याची खूण ठरतो, आणि सगळ्यांत खोटा पक्षी हाच, असा शिक्काही बसतो. दुसऱ्याचं पाप याच्या माथी. आणि त्या 'लॅपविंके'त जुना 'विन्चे' अजून जिवंत आहे, हे विसरू नका.

आता तुमची ओळ. लॅपविंगची पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात धावू लागतात. त्यावरून डोक्यावरचं टरफलही न झाडता पळणारं पिल्लू, अशी समजूत रूढ झाली. अर्धवट वयात मोठेपणाचा आव आणणाऱ्याला ते नाव पडलं. शिवाय त्याच प्रवेशात हॅम्लेट ऑस्रिकला टोपी डोक्यावर घाल म्हणून सांगत असतो आणि तो घालत नाही. जाताना ती डोक्यावर चढली, की होरेशिओला टरफल दिसतं. तेव्हा इथे ना कपट हवं, ना हेलकावा. हवं पिल्लू आणि हवी टोपी.

पानपलटी :

टोपीचा धागा माझ्या ध्यानातच आला नव्हता! मग असं लिहिते : 'टरफलाची टोपी घालून पळालं बघा टिटवीचं पिल्लू.' 'टोपी घालणे' म्हटलं की फसवणुकीचा वास येईल का?

जुनी_अक्षरं :

'टरफलाची' आधी आलंय, त्यामुळे नाही येणार. 'बघा' मात्र काढा. होरेशिओ एकट्या हॅम्लेटशी बोलतोय आणि हॅम्लेट राजपुत्र आहे. तिथे 'महाराज' चालेल, 'बघा' सैल वाटतं.

काठावरून :

आणि 'पळालं' तसंच ठेवा. ती पिल्लं उडत नाहीत, धावतात.