मुंबईची हवा बिघडवतं कोण, वारा की आपण?

माहीमकर
काल इथे एकाने लिहिलं, "मुंबईची हवा ला निनामुळे बिघडली. वारा पडला की असं होणारच, उगाच बिल्डरच्या नावाने खडे फोडू नका." वाचून राहवलं नाही. ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार पडणं, त्याने इथलेही वारे बदलतात. २०२२-२३ चा हिवाळा तिचा सलग तिसरा होता, वारे मंदावले, मान्य. पण वारा धूळ तयार करत नाही. असलेली नेतो, नाहीतर ठेवतो. रात्रीचे मतलई वारे, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे, आपणच जमिनीवर सांडलेलं उचलून आणतात. आमच्या गल्लीत तीन इमारती पाडल्यात. सकाळी तुळशीचं पान बोटाने पुसलं की हिरवं दिसतं, संध्याकाळी परत पांढरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने २५ ते ३५ फुटांचे पत्रे, हिरवं कापड, पाणी मारणं, सगळं सक्तीचं केलं. आमच्याकडे पत्रा आहे रस्त्याच्या बाजूला. मागे चाळ, तिकडे मोकळं!

खारावारा
मूळ पोस्ट माझीच. २३ जानेवारी २०२२ विसरलात? पाकिस्तानकडून धूळ आली, गाड्यांवर पांढरा थर बसला. तो कुठल्या बिल्डरने टाकला? थंडीत खाली गार हवा, वर उबदार हवेचं झाकण, मग धूर जाणार कुठे? बांधकामं तर जूनमध्येही चालतात, तेव्हा हवा चांगली का असते?

माहीमकर
पाऊस धुऊन काढतो म्हणून. ते वादळ एक-दोन दिवसांत सरलं. डंपर रोज येतात.

भट्टीवाला
बिल्डर राहिले बाजूला, कारवाई मात्र आमच्यावर. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने बेकऱ्यांना सहा महिने दिले, लाकूड-कोळसा बंद. आमची विटांची भट्टी आजोबांनी बांधलेली. ती तोडून नवा ओव्हन घ्यायचा, आणि पाइपचा गॅस आमच्या गल्लीत आलेलाच नाही. वडापाव सगळ्यांना हवा, पावाची भट्टी कुणालाच नको.

चौथामजला
कारण ती तुमच्या खिडकीखाली नसते. माझ्या आहे. पहाटे तीनला पेटते. दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे कण बसतात, झटकले की काळी रेघ उठते. मुलीला त्याच वेळी उठवून नेब्युलायझर लावते. मोडक्या फर्निचरची रंग दिलेली लाकडं जळतात, वास ओळखू येतो. पोटाचा प्रश्न आहे म्हणून आम्ही किती वर्षं गप्प बसायचं?

भट्टीवाला
ताई, माझ्या वडिलांनी ३५ वर्षं त्याच धुरात उभं राहून पाव काढले. खोकला आमच्याही घरात आहे. आम्हाला शिकवू नका.

चौथामजला
मग तुम्हाला तर आधी कळायला हवं होतं!

खारावारा
तेच म्हणतोय, सगळे एकमेकांवर ढकलताहेत आणि हवामानाकडे कुणी बघत नाही.

माहीमकर
हवामानाला नोटीस बजावता येत नाही. वारा पडणार हे आधी कळतं ना? मग त्या दिवसांत पाडकाम बंद ठेवा. एवढं तरी मान्य करा.

खारावारा
पाडकामापुरतं मान्य. पण धुळीचं वादळ मोजायचंच नाही, हे नाही पटत.

भट्टीवाला
फर्निचरचं लाकूड येतं, खोटं कशाला बोलू. वखारीत तेच स्वस्त मिळतं. रंगाचं बाजूला काढायला सांगतो. गॅसचं मात्र माझ्या हातात नाही.

माहीमकर
आणि डंपरवर ताडपत्री कोण टाकायला लावणार?

चौथामजला
डंपरचं नंतर बघू. भट्टीवाले दादा, चिमणी कधी वाढवताय ते सांगा.