परदेशातलं भारत-अध्यासन: पाहुण्या प्राध्यापकाने काय साधतं?

खडूफळा: भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद (स्थापना १९५०, मौलाना आझाद) परदेशी विद्यापीठांत भारतविद्येची अध्यासनं, म्हणजे त्या विषयासाठी राखलेली प्राध्यापकपदं, चालवते. इथून एक प्राध्यापक जातो, सत्र-दोन सत्रं शिकवतो, परततो. मागे उरतात ते समारंभाचे फोटो. त्यापेक्षा तिथे भाषाशिक्षकाचं कायमचं पद उभं करा. तमिळ किंवा मराठी नीट शिकलेला एक विद्यार्थी आयुष्यभर भारतावर काम करतो.

जुनी वही: साफ असहमत. पाहुणा आहे म्हणूनच विद्यापीठ बिचकत नाही. २०१२ मध्ये भारत सरकारने विवेकानंदांच्या नावाच्या अतिथी प्राध्यापकपदासाठी शिकागो विद्यापीठाला १५ लाख डॉलर दिले. त्याच विद्यापीठातली चीनची कन्फ्यूशियस संस्था, म्हणजे चिनी भाषा शिकवणारं केंद्र, मात्र २०१४ मध्ये बंद पडली. शंभरावर अध्यापकांनी विरोधात सह्या केल्या होत्या, कारण शिक्षक नेमण्यात चिनी सरकारी कार्यालयाचा हात होता. पाहुणा न पटला तर सत्र संपेपर्यंतच सोसायचं!

तिरकस: पैसा कोण देतो याचा एवढा बाऊ कशाला? ऑक्सफर्डचं संस्कृतचं बोडेन अध्यासन आठवा. कर्नल बोडेनने पैसे ठेवले ते संस्कृतच्या मदतीने हिंदुस्थानात धर्मांतर सोपं व्हावं म्हणून. पहिले प्राध्यापक विल्सन १८३२ मध्ये बसले. त्या पदावरच्या मोनिअर-विल्यम्सांचा संस्कृत-इंग्रजी कोश आज आपले शास्त्रीबुवाही उघडतात.

खडूफळा: अहो, ते पद कायमचं होतं! माझ्याच बाजूने बोलताय की. पाहुण्याच्या हातून असला कोश झाला असता का?

जुनी वही: अर्धीच गोष्ट सांगताय. याच पदासाठीची १८६० ची निवडणूक विसरलात? मतदार होते ऑक्सफर्डचे पदवीधर. बहुतेकांना संस्कृतचा गंध नाही. मोनिअर-विल्यम्सांपुढे मॅक्स म्युलर पडले, कारण जर्मन आणि धर्माच्या बाबतीत शंकास्पद. जागा एकदा भरली की पुढची कित्येक दशकं दुसऱ्याला दार बंद.

पारावरचा: दोघेही मूळ मुद्दा सोडताय, पैसा कायमची ठेव म्हणून दिला की दरवर्षीच्या वर्षासनासारखा. जपानने १९७३ मध्ये जपान-अभ्यासासाठी दहा अमेरिकी विद्यापीठांना प्रत्येकी १० लाख डॉलर एकदम दिले. कॅनडाने परदेशातल्या कॅनडा-अभ्यासाचं अनुदान २०१२ मध्ये एका फटक्यात बंद केलं.

खडूफळा: ठेवीचं मान्य. पण व्याजातून भाषाशिक्षकच नेमा, पाहुणा नको.