बिअरला शिकरणाचा वास येतोय, वाचवा

मंडळी नमस्कार,
दुसऱ्यांदाच घरी बिअर केली, ५ गॅलन पेल एल (फिकट रंगाची बिअर). जानेवारीतली मस्त झाली होती, ही एप्रिलअखेरची, आणि बाटली उघडली की आधी पिकलेल्या केळ्याचा वास, अगदी शिकरण, आणि मागून नेलपॉलिशसारखं काहीतरी. किट तेच, यीस्ट तेच, एसी अख्खा वेळ ७८ फॅरनहाइटवर होता. बायको म्हणते सिंकमध्ये ओत. ४५ बाटल्या आहेत हो!
नि., टेंपी, ॲरिझोना

> एसी अख्खा वेळ ७८ फॅरनहाइटवर होता

अरे ते खोलीचं झालं, कार्बॉयच्या (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटलीच्या) आत किती होतं? यीस्ट साखर खाताना स्वतः तापतं, पहिले दोन-तीन दिवस आतला माल खोलीपेक्षा ५-१० डिग्री जास्तच असतो, म्हणजे तुझा पंच्याऐंशीला टेकला असणार. साध्या एल यीस्टला ६४ ते ६८ लागतं, त्याच्या फार वर गेलं की एस्टर, म्हणजे फळांच्या वासाची रसायनं, सुटतात, तेच तुझं शिकरण.
उपाय आपल्या माठाचाच. मोठ्या टबात पाणी, त्यात कार्बॉय, त्याला जुना टीशर्ट घालायचा, कडा पाण्यात बुडलेल्या, समोर टेबलफॅन. आपल्या कोरड्या हवेत भराभर उतरतं, वर सकाळ-संध्याकाळ बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या सोड टबात. आणि वर्ट (यीस्ट टाकायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) आधी ६५ ला आण, मगच यीस्ट टाक, गरमात टाकून नंतर थंड करू म्हणशील तर तोवर वास बसलेला असतो.
काका, मेसा

काका, माठ जूनपर्यंत ठीक, पण जुलैत इथला मॉन्सून सुरू झाला की टीशर्ट वाळतच नाही, गेल्या वर्षी कार्बॉयवरची थर्मामीटर स्ट्रिप ७६ वरून हलेना आणि टीशर्टला बुरशी आली ती वेगळीच. शेवटी जुना चेस्ट फ्रीझर ६० डॉलरला उचलला, इंकबर्ड कंपनीचा टेंपरेचर कंट्रोलर लावला. त्याचा प्रोब (तापमान मोजणारी तार) हवेत लोंबकळत ठेवू नका, कार्बॉयच्या अंगाला चिकटवा आणि वरून योगा मॅटचा तुकडा बांधा, नाहीतर तो हवा मोजत बसतो आणि फ्रीझर सारखा चालू-बंद. कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर पुन्हा चालू व्हायच्या आधीचा वेळ) निदान ३ मिनिटं.
पाचव्या-सहाव्या दिवशी बुडबुडे मंदावले की ७० पर्यंत चढू द्यायचं, म्हणजे यीस्ट आपलं काम पुरं करतं, बटर पॉपकॉर्नची चव राहत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर उन्हाळ्यात नॉर्वेचं क्वाइक यीस्ट आणा, ते ९५ ला पण खुशाल चालतं.
भावजी, बाटल्या ओतू नका इतक्यात. केळं कधीकधी महिन्या-दोन महिन्यांत थोडं उतरतं, नेलपॉलिश मात्र जाणार नाही. दोन-चार भज्यांच्या पिठात घाला, कुरकुरीत होतात.
वहिनी, चँडलर

सगळ्यांना थँक्यू. नवा बॅच काल टबात बसवला, आत्ता स्ट्रिप ६६ दाखवतेय. टीशर्ट मंडळाच्या गणपतीचा वापरलाय, बायकोला अजून सापडलेला नाही.
नि.