डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं अर्धी रिकामी. 52 जीबी गेले कुठं?

सियागंज_सर्व्हर
नमस्कार मंडळी. इंदूरला सियागंजात मसाल्याच्या एका ठोक पेढीची सिस्टीम मी बघतो. पोटमाळ्यावर डेबियनचं (लिनक्सचं) जुनं मशीन, त्यावर सांबा, म्हणजे नेटवर्कवर फायली वाटणारा प्रोग्राम. खालचे पीसी हिशेबाच्या फायली तिथूनच उघडतात. शेअर, म्हणजे हा सामायिक फोल्डर, वेगळ्या डिस्कवर आहे, पन्नासेक जीबीचा. रात्री 11 ला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) आरसिंकची (फायलींची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची) स्क्रिप्ट चालवतं आणि सगळं यूएसबीच्या डिस्कवर, म्हणजे /बॅकअप मध्ये, उतरवतं.

कालपासून बिलं छापली जात नाहीत. रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टीम जिथं राहते तो मुख्य भाग, 98 जीबीचं. डीएफ (डिस्कचा एकूण वापर सांगणारी कमांड) 100 टक्के दाखवतंय, वापर 93. डीयूला (दिसणाऱ्या फायली मोजणारी कमांड) -एक्स लावून, म्हणजे फक्त त्याच पार्टिशनपुरतं, मोजलं तर जेमतेम 41. जर्नल (सिस्टीमच्या नोंदी) एक जीबीसुद्धा नाही, आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) मोकळे. यूएसबीची डिस्क आत्ता माउंट (त्या फोल्डरला जोडलेली) आहे आणि तिच्यावर भरपूर जागा आहे. वहीपूजन तोंडावर आलंय आणि शेठजी जिन्यातूनच ओरडतात, "भिया, हुआ क्या?"

रामबाग_रूट
फाइल उडवली, पण एखाद्या प्रोसेसनं ती उघडी धरून ठेवली, तर जागा सुटत नाही. डीयूला ती दिसत नाही, डीएफ मोजतं. रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन एलएसओएफ चालवा, पुढे प्लस एल वन द्या, अशा उडवलेल्या पण उघड्या फायली दिसतील. मोठा लॉग सापडला तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, काम झालं.

सियागंज_सर्व्हर
पाहिलं दादा. दोन फुटकळ फायली निघाल्या, काही केबी. सांबा रीस्टार्ट केलं, फरक नाही.

पागनीसपागा_काका
रामबागकरांचा पहिला अंदाज बरोबरच होता, दहातल्या आठ वेळा तेच निघतं. पण तुमचे आकडे नीट बघा. हरवलेत 52 जीबी आणि शेअर आहे पन्नासेक जीबीचा. हा योगायोग मला पटत नाही.

एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत) त्या यूएसबी डिस्कपुढे नोफेल लिहिलंय ना? लिहिलेलं असणारच, नाहीतर डिस्क नसताना मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. पण नोफेल असलं की डिस्क नसतानाही मशीन गुपचूप चालू होतं. दिवाळीच्या साफसफाईत कुणी केबल काढली, किंवा लाइट जाऊन आली आणि डिस्क जागी झाली नाही, की /बॅकअप हा रूटवरचा साधा रिकामा फोल्डर उरतो. आरसिंकला काय त्याचं! त्यानं पूर्ण प्रत रूटवर ओतली. नंतर कुणीतरी डिस्क जोडून माउंट केली आणि ती प्रत तिच्याखाली झाकली गेली. झाकलेलं डीयूला दिसत नाही.

बघायचं असं: माउंट कमांडला बाइंडचा पर्याय देऊन / हे /एमएनटी वर बसवा. मग /एमएनटी/बॅकअप उघडा. खाली दडलेलं सगळं तिथं दिसेल, चालू डिस्कला हातही लावावा लागत नाही. उडवण्याआधी तारखा तपासा. डिस्क नव्हती त्या रात्रींचा बॅकअप फक्त तिथंच आहे, तो आधी यूएसबीवर हलवा. आणि आरएम (फायली उडवणारी कमांड) टाइप करताना सुरुवातीला /एमएनटी आहे हे डोळ्यांनी दोनदा वाचा. ते सुटलं तर खरा बॅकअप जाईल.

आता पुढचं. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप टाका (डिस्क खरंच जोडलीय का ते बघतं), ते फसलं तर तिथंच एक्झिट वन, म्हणजे स्क्रिप्ट थांबेल. शिवाय माझी आवडती युक्ती: एकदा डिस्क अनमाउंट करून त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचएटीटीआर प्लस आय (बदल बंद करणारी कमांड) मारून ठेवा. मग रूट यूजरलाही त्यात लिहिता येत नाही, पण त्यावर डिस्क मात्र बिनधास्त माउंट होते. स्क्रिप्ट उद्या दुसऱ्या कुणी बदलली तरी हे कुलूप राहतंच.

सियागंज_सर्व्हर
काका, तिथंच होतं सगळं! सफाईवाल्या पोरानं मोबाइल चार्जरसाठी डिस्कचा प्लग काढला होता, असं मुनीमजी आत्ता सांगतायत. प्रती हलवल्या, रूट 44 टक्क्यांवर आलं, बिलं छापायला लागली. दोन्ही उपाय केले. आता एकच: हे लोक कधी कधी रात्री जाताना मेन स्विचच पाडतात. मग 11 चा बॅकअप बुडतो.

रामबाग_रूट
क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. त्याऐवजी सिस्टमडी (मशीनवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) टायमर करा, त्यात पर्सिस्टंट ट्रू लिहा. सकाळी मशीन लागलं की राहिलेला बॅकअप आपोआप सुरू होईल. सर्व्हिसच्या फायलीत रिक्वायर्समाउंट्सफॉर पुढे /बॅकअप द्या, म्हणजे डिस्क माउंट होत नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही.

पागनीसपागा_काका
टायमर ठीक आहे, पण सकाळी दुकान उघडतानाच आरसिंक सुरू झालं तर गादीवरचे पीसी रखडतील आणि शेठजी पुन्हा जिन्यात येतील. आयोनाइस (डिस्कच्या कामात मागचा नंबर देणारी कमांड) लावून चालवा. आणि त्या प्लगवर हिंदीत चिठ्ठी चिकटवा, जाड मार्करनं.