दोलामुद्रित : हा 'दोला' कोण?

प्रश्न : जुन्या ग्रंथालयाच्या सूचीत 'दोलामुद्रिते' असा विभाग दिसला. 'दोलायमान'वरून डळमळीत छपाई म्हणावी, तर तेही पटेना. दोला नावाचा छापखाना होता का?

उत्तर : छापखाना नव्हे, पाळणा! संस्कृतात दोला म्हणजे झोपाळा, पाळणा. आपली डोली त्याच घरातली. मुद्रणकला पाळण्यात होती तेव्हा छापलेली ती दोलामुद्रिते. मूळ कल्पना लॅटिन 'इन्क्युनाबुला'ची : बाळाला गुंडाळायची वस्त्रं, पाळणा, त्यावरून कशाचाही आरंभ. सतराव्या शतकात बर्नहार्ड फॉन मालिनक्रोट या जर्मन धर्मगुरूने युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गपासून १५०० पर्यंतच्या काळाला हे नाव लावलं. पुढे ते त्या काळातल्या पुस्तकांनाच चिकटलं. मराठीत 'पाळणामुद्रिते' केलं असतं तर बारशाची गाणी वाटली असती, त्यामुळे दोलाच बरा.

प्रश्न : पण १५०० च्या आधी मराठीत छापलं कोणी?

उत्तर : कोणीच नाही. गोव्यात छापखाना आला तोच १५५६ मध्ये. म्हणून मराठीपुरती रेघ १८६७ वर ओढतात. त्या वर्षीच्या कायद्याने पुस्तकांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीचं काय छापलं गेलं हे शोधूनच काढावं लागतं. म्हणजे युरोपातली रेघ शतक संपलं म्हणून, आपली नोंदवही उघडली म्हणून. मला आपली जास्त पटते.

सुरुवात मात्र वादाची. बरेच जण १८०५ धरतात : विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण, श्रीरामपूर (बंगालमधलं, नगरचं नव्हे). मग फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाचं काय? भाषा मराठी, अक्षरं रोमन. लिपीवरून त्याला बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. मिरजेला १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली गीता तर नागरीत आहे, पण ग्रंथ संस्कृत! मराठी सूचीत ती बसत नाही. महाराष्ट्रातल्या मुद्रणाच्या इतिहासात मात्र हवीच.

प्रश्न : शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली पुस्तकं यात धरायची का?

उत्तर : हो, १८६७ पर्यंतची असतील तर. अक्षरांचे खिळे असोत की शिळा, दोन्ही मुद्रणच. हाताने लिहिलेली पोथी कितीही जुनी असली तरी तिला दोलामुद्रित म्हणू नये; जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींत हा घोळ सर्रास दिसतो.