देशांनी जुन्या अन्यायाची भरपाई द्यावी का?

हिशेबनीस

हा विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला : आजोबांनी केलं ते नातवाने का भरायचं? मला तो फसवा वाटतो. आजोबांच्या सरकारने काढलेलं कर्ज नातू बिनबोभाट फेडतोच की.

ब्रिटनचंच बघा. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला आणि २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मिळाली मालकांना, त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून! जे राबले त्यांना छदाम नाही, वर आणखी काही वर्षं 'उमेदवार' या नावाखाली त्याच मळ्यांवर राबायची सक्ती. या कर्जाचे उरलेसुरले रोखे फिटले २०१५ मध्ये. म्हणजे कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या, गुलामांच्याच वंशजांच्या करातूनही मालकांची भरपाई फिटली.

हैती या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीचा तर कहरच. तिथल्या गुलामांनी लढून १८०४ मध्ये फ्रान्सला हाकललं. १८२५ मध्ये फ्रान्सने १४ युद्धनौका पाठवून, गेलेल्या मालमत्तेपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. पहिलाच हप्ता ३ कोटींचा, तिजोरीत खडखडाट. मग पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, तरी या व्यवहारातून निघालेली कर्जं फिटेस्तोवर १९४७ उजाडलं. हे पैसे परत करायला हरकत काय?

आडवाट

हैतीबद्दल वाद नाही. तिथे पावत्या आहेत. कुणी दिले, कुणी घेतले, सगळं कागदावर. पण एका हैतीवरून जगभराचा नियम कसा करणार?

दिलेल्या पैशांचं पुढे काय झालं तेही बघा. १९६५ च्या करारात जपानने दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिलं. कोरियन सरकारने त्यातून पोलादाचा कारखाना उभारला, महामार्ग बांधला. ज्यांना जपानच्या राजवटीत जपानी खाणींत जुंपलं होतं, त्यांच्या वाट्याला फारच थोडं आलं. आता ती म्हातारी माणसं कोर्टात गेली की जपान म्हणतं, हिशेब मिटलाय. इटलीने २००८ मध्ये लिबियाला वसाहतकाळापोटी ५ अब्ज डॉलर कबूल केले. तेव्हा तिथे गादीवर हुकूमशहा गद्दाफी, आणि त्याच करारात समुद्रातून येणारे स्थलांतरित अडवायची अट! ही भरपाई की सौदा?

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाबद्दल बोलायलाच नको. जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्क लादले, त्यातून कुणाचं भलं झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

रातकिडा

घेणाऱ्यांचंही एकमत नसतं. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल जर्मनीकडून भरपाई घ्यावी की नाही यावर जानेवारी १९५२ मध्ये इस्रायलची संसद चर्चा करत होती आणि बाहेरून दगड येत होते. विरोधी नेते बेगिन यांचा पक्ष म्हणत होता, खुन्यांचा पैसा नको. पंतप्रधान बेन-गुरियन यांना मात्र लाखो निर्वासितांना घरं द्यायची होती. शेवटी ३ अब्ज मार्कांचा करार झाला आणि बराचसा माल म्हणूनच आला : जहाजं, यंत्रं, तेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं. (कुंपणावर बसल्याचा आरोप मान्य.)

हिशेबनीस

आडवाट, तुमची उदाहरणं भरपाईच्या नाही, सरकारांच्या हाती पैसे देण्याच्या विरोधात आहेत. मग माणसांच्या हाती द्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं होतं. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि माफीचं पत्र दिलं. केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या वेळी ज्यांचा छळ झाला अशा ५,२२८ जणांसाठी ब्रिटनने २०१३ मध्ये, कोर्टखर्च धरून, १ कोटी ९९ लाख पौंड मोजले. तेही सुखासुखी नव्हे. वसाहतींतून गुपचूप आणलेल्या फायलींचे गठ्ठे सरकारी कोठारात दडवले होते. खटल्यात ते बाहेर आले तेव्हा कुठे सरकार नमलं.

आडवाट

'हयात असलेल्या' हे तुम्हीच लिहिलंत. माझी रेघ तिथेच आहे. छळ सोसलेला माणूस समोर असेल तर एक दिवसही थांबू नका. तो गेल्यावर पैसे कुणाच्या हाती देणार?

हिशेबनीस

म्हणजे फायली दडवायच्या आणि साक्षीदार मरायची वाट बघायची, की झाली सुटका! ही रेघ गुन्हेगाराच्याच सोयीची आहे.

रातकिडा

नामिबियात नेमकं हेच अडलंय. तो जर्मनीची वसाहत असताना, १९०४ ते १९०८ मध्ये, जर्मन फौजांनी तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांना वाळवंटात हाकलून, छावण्यांत डांबून मारलं. सोसलेलं आज कुणी हयात नाही. २०२१ मध्ये जर्मनीने ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं, पण बोलणी केली नामिबिया सरकारशी. हेरेरो-नामांच्या अनेक पुढाऱ्यांनी तो मसुदा धुडकावला : आम्हाला न विचारता आमच्या मेलेल्यांचा हिशेब करणारे तुम्ही कोण?

आडवाट

त्यांचा राग रास्त आहे. पण त्यांना विचारायचं म्हणजे नेमकं कुणाला, हे ठरवणार कोण? हिशेबनीस, याचं उत्तर असेल तर मी माझी रेघ पुसतो.